तंजावूर ते सातारा : किती कोस, किती दिवस?

परमुलखात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला नवी ओळख होताच दोन प्रश्न हटकून विचारले जातात : आपले मूळ गाव कोणते, आणि तेथे जावयास किती वेळ लागतो? पहिल्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. दुसऱ्याचे मात्र प्रत्येक पिढीत बदलते. ज्यांच्या आजोबांनी हे उत्तर दिवसांत दिले, त्यांची नातवंडे ते तासांत देतात. यावरून गाव जवळ आले असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज कितपत खरा, हे पडताळून पाहावयाचे असेल तर तंजावूरच्या राजवाड्यासारखे दुसरे स्थळ नाही. व्यंकोजी भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतले आणि १८५५ मध्ये त्यांच्या वंशातील शेवटचे राजे दुसरे शिवाजी निपुत्रिक निवर्तले. या सुमारे एकशेऐंशी वर्षांत कावेरीच्या काठी मराठी दरबार भरला, मोडी दप्तर चालले, मराठी ग्रंथ लिहिले गेले. या सर्व काळात महाराष्ट्र किती दूर होता, आणि तो दूर असूनही मराठी कशाच्या आधारे टिकली, याचा विचार आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात उपयुक्त ठरेल.

प्रथम साधा हिशेब मांडू. नकाशावर सरळ रेषा ओढली तर तंजावूर ते सातारा हे अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर भरते. विमानाच्या वेगाने ते सव्वा तासाचे काम आहे. प्रत्यक्षात प्रवासी पुण्यास किंवा मुंबईस विमानात बसतो, तिरुचिरापल्लीस उतरतो आणि पुढील पन्नास-पंचावन्न किलोमीटर मोटारीने जातो. वाटेत विमान बदलावे लागले तरी पहाटे साताऱ्याहून निघालेला माणूस रात्रीचे जेवण तंजावुरात घेऊ शकतो. बंगळूरवरून जाणारा आजचा रस्ता साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पायी चालणारा यात्रेकरू दिवसाकाठी सहा-सात कोस, म्हणजे वीसएक किलोमीटर चालला, तर एक दिवसही विसावा न घेता त्याला दोन महिने लागावेत. त्यात कृष्णा, तुंगभद्रा, कावेरी यांना आलेले पूर, वाटेवरील सैन्यांच्या हालचाली, आजारपण आणि एकादशी-अमावास्येचे मुक्काम मिळविले, म्हणजे तीन महिने सहज जात. पावसाळा लागला की हिशेबच थांबे.

या अंतराची एक चोख नोंद इतिहासात आहे. रायगडावर संकट कोसळल्यावर छत्रपती राजाराम महाराज सप्टेंबर १६८९ च्या अखेरीस पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी जिंजीस पोहोचले. पन्हाळा ते जिंजी हे सरळ रेषेतील अंतर साडेसातशे किलोमीटरांहून थोडे अधिक. पाठीवर मोगलांचा ससेमिरा, बरोबर मोजकी विश्वासू माणसे आणि विलंब म्हणजे मृत्यू, अशा स्थितीतही या प्रवासास पाच आठवडे लागले. जिंजीहून तंजावूर आणखी सुमारे एकशेसाठ किलोमीटर दक्षिणेस आहे. जिवाच्या आकांताने निघालेल्या राजाला जेथे पाच आठवडे लागतात, तेथे सामान्य कुटुंबकबिल्याची कथा काय वर्णावी?

बंगळूरचा दुवा

तथापि तंजावूरचे मराठे साताऱ्याहून एका दमात तंजावुरास आले नव्हते. शहाजीराजांनी १६३८ नंतर बंगळूर येथे आपले ठाणे केले. तेथेच व्यंकोजी वाढले आणि तेथूनच विजापूरच्या हुकमाने ते तंजावूरवर चालून गेले. म्हणजे पुणे ते बंगळूर हा टप्पा एका पिढीचा आणि बंगळूर ते तंजावूर हा टप्पा दुसऱ्या पिढीचा. दोन टोकांच्या मध्ये बंगळूर हे आपले घर होते. तेथे मुक्काम करावा, घोडे बदलावे, वार्ता घ्यावी आणि पुढे निघावे. १६८७ मध्ये बंगळूर प्रथम मोगलांच्या आणि लगेच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हाती गेले. मैलांचा आकडा तोच राहिला. पण मधले घर गेले आणि तंजावूर एकदम दूर गेले. प्रवासाचे अंतर मैलांइतकेच वाटेवरच्या आपल्या माणसांवरही अवलंबून असते. आज अर्धे जग ओलांडणारा प्रवासी परक्या विमानतळावर ओळखीचा चेहरा शोधतो, त्यामागे हीच जुनी गरज आहे.

राहिलेले दहा मैल

अंतराची दुसरी कथा दोन भावांची आहे. दक्षिण दिग्विजयासाठी शिवाजी महाराज ऑक्टोबर १६७६ मध्ये रायगडाहून निघाले. भागानगरचा मुक्काम, जिंजीचा विजय आणि वेलूरचा वेढा करीत १६७७ च्या जुलैमध्ये ते कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे पोहोचले. तेथून तंजावूर सुमारे दहा मैलांवर. व्यंकोजी थोरल्या बंधूंच्या भेटीस आले, काही दिवस राहिले. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीची बोलणी निघाली, ती फिसकटली, आणि व्यंकोजी एका रात्री नदी ओलांडून तंजावुरास निघून गेले. महाराज नदी ओलांडून त्यांच्यामागे गेले नाहीत. नऊ महिने शेकडो मैल चालून आलेले महाराज शेवटच्या दहा मैलांपाशी थांबले आणि परत फिरले. पुढे दोन्ही सैन्यांत लढाई झाली आणि तहही झाला. मन उद्विग्न होऊन व्यंकोजींनी कारभारातून लक्ष काढले, तेव्हा विरक्ती टाकून कर्तव्यास लागावे असे थोरल्या भावाने त्यांना लिहिलेले पत्र इतिहासप्रसिद्ध आहे. नदीकाठी समोरासमोर जे साधले नाही, ते शेकडो मैलांवरून आलेल्या त्या कागदाने साधावयाचे होते.

याच काळातील एक दुवा अधिक प्रसन्न आहे. समर्थ रामदासांच्या शिष्यशाखेचा मठ तंजावुरात स्थापन झाला आणि भीमस्वामींसारख्या शिष्यांनी ती परंपरा तेथे रुजविली. सज्जनगडावरील राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती यांच्या मूर्ती तंजावुरात घडविल्या गेल्या, असे संप्रदायाची परंपरा सांगते. त्या घडून, दूरचा मार्ग कापून शके १६०३ च्या माघात, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, गडावर पोहोचल्या. समर्थांनी त्यांचे पूजन केले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, माघ वद्य नवमीस, देह ठेवला. अंतर दीर्घ असले की वस्तूला वेळ लागतो, आणि माणसाचे आयुष्य त्या वेळेशी शर्यत करीत असते. ही शर्यत त्या वेळी थोडक्यात जिंकली गेली. गडावर आजही भाविक ज्या मूर्तींपुढे हात जोडतात, त्या तंजावूरच्या कारागिरांच्या हातच्या आहेत, ही गोष्ट थोड्यांच्या ध्यानी असते.

सातारा आले, पुणे आले नाही

संकटकाळी कोण किती दूर आहे, हे कळते. १७४० मध्ये शाहू छत्रपतींच्या आज्ञेवरून रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले कर्नाटकात उतरले. त्या वेळी तंजावूरच्या गादीवर प्रतापसिंह होते आणि अर्काटच्या नवाबाचा जावई चंदासाहेब त्यांना सतावीत होता. मे १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये तिरुचिरापल्लीचा किल्ला पडला आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास रवाना झाला. तंजावूरच्या शत्रूला साताऱ्याच्या कोठडीत वर्षानुवर्षे बसावे लागले. हा काळ दोन्ही राज्यांतील अंतर सर्वांत कमी असण्याचा म्हणावयास हरकत नाही.

बत्तीस वर्षांनी चित्र पालटले. नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर अवघ्या अठराव्या दिवशी, १७ सप्टेंबर १७७३ रोजी, नवाब महंमद अली आणि त्याला साथ देणाऱ्या इंग्रज कंपनीच्या फौजेने तंजावूर घेतले. तुळजाजी राजे आपल्याच राजवाड्यात बंदी झाले. पुण्याची ती भीषण वार्ता तंजावुरास आणि तंजावूरची पुण्यास जाण्याच्या आतच दोन्हीकडचा आधार कोसळला होता. पुण्याहून कोणी आले नाही. येण्याच्या स्थितीत कोणी नव्हते.

पण सुटका झाली, आणि ती लंडनहून झाली. मद्रासच्या अधिकाऱ्यांचे हे कृत्य कंपनीच्या संचालकांना पसंत पडले नाही. राजाला गादी परत द्यावी असा त्यांचा हुकूम घेऊन लॉर्ड पिगट मद्रासेस आला आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाजींना पुन्हा राज्यावर बसविले. त्या काळी लंडनहून मद्रासेस येणारे जहाज आफ्रिकेला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी पोहोचे. म्हणजे तक्रार जाऊन हुकूम येण्यास वर्ष लागावे. इतके असूनही त्या तीन वर्षांत लंडनचा हुकूम तंजावुरास पोहोचला आणि पुण्याचा पोहोचला नाही. या घटनेचा अर्थ तंजावूरच्या दरबाराने पुरता ओळखला असला पाहिजे. जेथून निर्णय येतो ते शहर जवळ, ही राजकारणातील भूमिती आहे. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींच्या हाती तंजावूरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच राहिले आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. याच सरफोजींनी नेपोलियनच्या पतनाचे स्मारक म्हणून समुद्रकाठी मनोरा हा षट्‌कोनी बुरूज उभारला. त्यावर १८१४ हे साल कोरलेले आहे. युरोपातील सिंहासन कोसळल्याची वार्ता तंजावूरच्या किनाऱ्यावर दगडात कोरली जावी, इतका तो किनारा तोवर लंडनशी बांधला गेला होता.

काशीची वाट

सत्ता गेली तरी रस्ते राहतात. तंजावूरच्या राजांनी काशी-रामेश्वराच्या वाटेवर अन्नछत्रे उभारली होती. सरफोजींच्या काळातील ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी एक. सेतुभावाछत्रासारख्या गावाच्या नावातच छत्र राहून गेले आहे. ही छत्रे कंपनी ताब्यात घेणार असे दिसू लागताच सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटास जे पत्र लिहिले, ते अवश्य अभ्यासावे असे आहे. छत्रांत कोणाला काय मिळते, याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सर्वांना अन्न. शिजविलेले न घेणाऱ्यास शिधा. आजाऱ्यास औषध आणि वैद्य. प्रसूत झालेल्या वाटसरू स्त्रीची शुश्रूषा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर यावे, असा पुकारा होई. राज्यापेक्षा या धर्मकार्याची चिंता आपणास अधिक वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे.

बंगळूरचे घर गेल्यावर जी उणीव निर्माण झाली होती, तिची भरपाई या छत्रांनी परक्या वाटसरूंसाठी केली. स्वतः दूर देशी राहणाऱ्यांना वाटसरूचे हाल ठाऊक असतात. काशीहून रामेश्वरास निघालेला कोणीही यात्रेकरू तंजावूरच्या हद्दीत शिरला की त्याचा निम्मा शीण उतरे.

१८२० मध्ये सरफोजी स्वतः या वाटेने उत्तरेस निघाले. तंजावूर ते काशी हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेसोळाशे किलोमीटर. बरोबर तीन हजारांचा लवाजमा होता, आणि प्रयाग, काशी, गया ही त्रिस्थळी करून परतण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वाटेत ठिकठिकाणी मुक्काम, दानधर्म, देवळांची डागडुजी आणि हस्तलिखितांचा शोध चालू होता. या प्रवासावर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ ही मराठी रचना झाली, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. राजा तमिळ देशीचा, यात्रा हिंदुस्थानी मुलखातली; पण तिचे वर्णन करण्यास त्या दरबाराला भाषा सुचली ती मराठी. साताऱ्यापासून सव्वाशे-दीडशे वर्षे दूर राहूनही!

दप्तर आणि ग्रंथ

याचे कारण राजवाड्याच्या परिसरातच सापडते. नायकांनी बांधलेल्या आणि मराठ्यांनी वाढविलेल्या या वाड्यात दरबारगृह आहे, उंच मनोरे आहेत. पण त्याचे हृदय म्हणजे सरस्वती महाल. या ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्याशिवाय मोडी दप्तराचे रुमाल आहेत, ज्यांत राज्याचा रोजचा खर्च, देणगी, पगार, खरेदी, यात्रा, औषधे यांच्या नोंदी आहेत. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला गेला. तो जगातील अतिदीर्घ शिलालेखांपैकी एक गणला जातो. १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू झाला आणि इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक १८०६ मध्ये तेथे छापले गेले.

या सर्वांत एक समान सूत्र दिसते. तंजावुरात मराठीला रोजचे काम होते. तिच्यात हिशेब लिहिला जाई, नाटक होई, कीर्तन होई, मुलांना शिकविले जाई आणि सरकारी निकाल दिला जाई. साताऱ्याहून पत्र येवो वा न येवो, सकाळी कारकुनाला मोडीत लेखणी चालवावीच लागे. आठवणीवर जगणारी भाषा दोन पिढ्यांत क्षीण होते. कामावर जगणारी भाषा टिकते. तंजावूरची मराठी साताऱ्याच्या जवळिकीवर अवलंबून राहिली नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे दूर राहू शकली.

गाडी आली तेव्हा

येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने निकाल विरुद्ध दिला. दप्तरातील मराठीचे काम संपले. आणि राजे गेल्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टणहून तंजावुरास आगगाडी आली! १८७१ मध्ये मुंबईकडून येणारा आणि मद्रासकडून येणारा लोहमार्ग रायचूर येथे जोडले गेले. १८८० च्या सुमारास मद्रासहून कुंभकोणमवरून तंजावूरपर्यंत मीटरगेज गाडी धावू लागली. ज्या वाटेला महिने लागत, तिला आता दिवस लागू लागले. पुढे ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांच्या विमानाने कराचीहून निघालेली टपाल मुंबई-बळ्ळारीवरून मद्रासेस पोहोचविली, आणि दिवसांचे तास होण्यास प्रारंभ झाला.

वाट जवळ आली, तेव्हा दरबार उरला नव्हता. जोवर वाटेला तीन महिने लागत होते, तोवर तंजावुरात मराठी लिहिली जात होती. वाट तीन दिवसांची झाली आणि मोडी वाचणारे एकेक करून कमी होत गेले. घराघरांतून मराठी बोलली जाई, आजही बोलली जाते. तमिळ वळणाची ती बोली ऐकताना पुण्याचा माणूस प्रथम चकित होतो आणि मग तिच्यातील जुने शब्द ऐकून नम्र होतो. परंतु तिला लिहिण्याचे काम उरले नाही. गाडीने हे घडविले असे नव्हे. गाडीला ते थांबविता आले नाही, इतकेच.

अर्थात गाडीच्या काळातही काही गोष्टी महाराष्ट्रातून तंजावुरात गेल्या. १८६० नंतरच्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तेथे आले. त्यांच्या कीर्तनाचा घाट तंजावूर कृष्ण भागवतरांनी आत्मसात केला, आणि तमिळ हरिकथेला नवे रूप मिळाले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते त्यामुळे तमिळ श्रोत्यांच्या कानी बसली. एका माणसाने आपली कला घेऊन जावे आणि तेथल्या माणसाने ती आपली करावी, एवढ्याने जे साधले ते कोणत्याही वेळापत्रकात नोंदलेले नाही. तसेच १९१८ मध्ये सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचा तमिळ अनुवाद तीन खंडांत १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी राज्याचे रोजचे हिशेब आज तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत वाचता येतात. आपल्या पूर्वजांचे दप्तर परक्यांनी आपुलकीने वाचावे, हा गौरव आहेच; पण ते मुळातून वाचू शकणारे मराठी तरुण किती, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

आपला हिशेब

आपणही दूर आहोत. आपल्या पहिल्या पिढीने गावाकडे जाण्याचा हिशेब दिवसांत केला, आज तो तासांत होतो, आणि दूरध्वनीवर तर क्षणात. गावी जाणे सोपे झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. म्हाताऱ्या आईच्या अखेरच्या क्षणी पोहोचता येणे हे कोणत्याही राज्यापेक्षा मोठे सुख आहे, आणि तंजावूरच्या एकाही राजाला ते लाभले नसते.

परंतु तंजावूरचा इतिहास बजावतो की वेग ही भाषेची हमी नाही. मंडळाचे इतिवृत्त मराठीत लिहिले जाते काय, जमाखर्चाची वही कोणत्या भाषेत आहे, मुलांच्या हाती मराठी पुस्तक गोष्टीसाठी येते की केवळ कौतुकासाठी, नवा पाहुणा शहरात उतरला तर त्याला पहिले जेवण कोणाकडे मिळते, या किरकोळ भासणाऱ्या गोष्टींवर पुढची पन्नास वर्षे अवलंबून आहेत. मोडीत रोजचा शिधा मांडणाऱ्या तंजावूरच्या त्या अनाम कारकुनाला आपण भाषा टिकवीत आहोत, याची कल्पनाही नसेल. तो फक्त तांदळाचा हिशेब लिहीत होता. आपल्या मंडळाच्या कपाटातील पन्नास वर्षांच्या वह्यांकडे या दृष्टीने एकदा पाहावे, आणि यंदाची वही कोणी, कोणत्या भाषेत लिहावयाची, हे सुवर्णमहोत्सवी सभेतच ठरवून टाकावे.